कागदापुरतं

शिवाप्पा हळिंगळे हा माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकलंत की तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि शिव्या घालण्याजोगंच त्यानं केलं. पण पोटच्या पोरीचं वाईट व्हावं असं त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. तिच्या जन्माची भाकरी बांधून ठेवायला गेला होता बिचारा.

छत्तीस वर्षं त्यानं पोस्टात काढली. टपाल निवडायच्या कामावर लागला आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडला. निवृत्तीला अकरा वर्षं झाली, तरी महिनाअखेरीला चाळीस हजारांच्या वर पेन्शन खात्यावर येऊन पडायची. वर्षातनं दोनदा महागाई भत्ता वाढायचा, दवाखान्याची बिलं पोस्टखातं भरायचं, आणि आता आठवा वेतन आयोग दाराशी आलाय म्हणून शिवाप्पा रोज पेपर बघत बसायचा. समोरच्या प्रभुलिंगचा पोरगा आदर्श इंजिनिअर होता. तो एमआयडीसीत फाउंड्रीत बारा-बारा तास भट्टीपुढं उभा राहून अठरा हजार आणायचा. शिवाप्पाला त्याची दया यायची आणि जरा गुदगुल्याही व्हायच्या. "सरकारी नोकरी म्हंजे कसं हाय," तो म्हणायचा, "गाय आटली तरी गवळी वैरण घालतोय."

त्याची खरी शान पेन्शनमध्ये नव्हती, नियमांत होती. पेन्शनचे नियम त्याला तोंडपाठ. कोल्हापूरच्या जवाहरनगरातल्या त्याच्या कट्ट्यावर सकाळी निवृत्त माणसं फॉर्म घेऊन यायची. कुणाची विधवा बहीण, कुणाचं नाव चुकलेलं, कुणाचा भत्ता अडकलेला. शिवाप्पा चष्मा पुसायचा, फॉर्म वाचायचा आणि कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते सांगायचा. पैसा घ्यायचा नाही, फक्त चहा घ्यायचा. लोक त्याला वकील म्हणायचे आणि ते त्याला फार आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको रत्नव्वा अंथरुणाला खिळली. एकुलती एक पोरगी रक्षिता सासरहून, हातकणंगल्याहून, आईचं करायला आली. वर्षभर तिनं आईचं हगणंमुतणं काढलं. रत्नव्वा गेली, दिवसकार्य झालं, आणि रक्षिता परत जायला पिशवी भरत होती तोवर शिवाप्पाच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही. वर्षभर धरून चाला. रक्षितानं पिशवी पुन्हा रिकामी केली.

दुसरा कुणी असता तर देवाचं नाव घेतलं असतं. शिवाप्पानं नियमांचं पुस्तक काढलं.

त्या रविवारी त्यानं जावयाला बोलावून घेतलं. वीरेश साधा पोरगा. शाहूपुरीत पंपाच्या सुट्ट्या भागांचं छोटं दुकान, उन्हाळ्यात बरं चालायचं, पावसाळ्यात माशा. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नवराबायकोत भांडण असं नव्हतं. रक्षिता माहेरी अडकली तरी तो दर दोन दिवसांनी मोटारसायकलवर यायचा, रात्री जेवून जायचा, आणि जाताना दारात दोघं उगाच अर्धा तास बोलत उभी राहायची.

जेवण झाल्यावर शिवाप्पानं पुस्तक मांडीवर घेतलं. "मी चाललो," तो म्हणाला. "रडाय लागू नका, ऐका. रत्नव्वा असती तर फॅमिली पेन्शन तिला गेली असती. ती न्हाय. पोरीला मिळती, पण लग्न झालेल्या पोरीला न्हाय. घटस्फोट झालेल्या पोरीला मिळती. अट एकच. बापाच्या हयातीत झाला पायजे."

वीरेश हसला. त्याला वाटलं सासरा चेष्टा करतोय. मग त्याचं हसू थांबलं. "मामा, काय बोलायलायसा?"

"कागदापुरतं हो, वीरेशराव. तुमचा संसार हाय तसाच. मी मेलो, तिची पेन्शन सुरू झाली की कोण बघतंय, कुठं ऱ्हायलाय ते? आई आजारी पडल्यापासनं ती हितंच हाय, म्हंजे वर्षभर वेगळं ऱ्हायल्याचं खोटं सांगायचीबी गरज न्हाय."

"महिन्याला किती बसल?" वीरेशनं विचारलं.

"आजच्या दरानं बावीस-तेवीस हजार. वर्षातनं दोनदा वाढ. आयोग आला की आणि वाढ. तिच्या मरणापतोर."

वीरेशनं मनात हिशेब केला. त्याच्या दुकानानं कुठल्याच महिन्यात सलग एवढं दिलं नव्हतं. रक्षिता भांडी आवरता आवरता दारात थांबली होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं नको म्हणावं म्हणून ती थांबली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. वीरेश जमिनीकडं बघत राहिला.

"आणि अप्पा, उद्या मला दिवस गेले तर?" तिनं विचारलं. "लेकराच्या बापाचं नाव काय लावू?"

"ते पुढचं पुढं बगू," शिवाप्पा म्हणाला. "आधी हाताशी हाय ते पदरात घेऊ या." छत्तीस वर्षांत ज्या माणसानं एक रकाना मोकळा ठेवला नाही, त्यानं हा ठेवला.

हंबीरराव त्याचा पोस्टातलाच जोडीदार. दर रविवारी जोतिबाला जाणारा, तोंडानं फाटका आणि मनानं सरळ. शिवाप्पानं त्याला मोठ्या अभिमानानं बेत सांगितला. हंबीररावानं चहाची कपबशी खाली ठेवली. "लेका शिवाप्पा," तो म्हणाला, "कागदाचं तुला कळतंय, माणसाचं कळत न्हाय. त्या पोरीला मूल न्हाय, वीरेशची आई दुसऱ्या सुनंसाठी टपून बसल्या. आन् तू हातानं दार उघडून देणार व्हय?"

"वीरेश तसला न्हाय."

"कुणीच तसला नसतोय. दार उघडं दिसलं की मग होतोय." शिवाप्पाला राग आला. त्यानं दोन दिवस हंबीररावाचा फोन घेतला नाही.

अर्ज दाखल झाला. वकिलानं सांगितलं, दोघांच्या संमतीनं असल्यामुळं अवघड काही नाही, पहिली तारीख आणि मग सहा महिन्यांनी दुसरी. तारखेच्या आदल्या दिवशी शिवाप्पानं पोरीला समोर बसवून खात्याच्या परीक्षेसारखी तयारी करून घेतली. न्यायाधीश विचारतील, समेट होईल का? तू म्हणायचंस, न्हाय. कारण विचारतील. म्हणायचंस, स्वभाव जुळत न्हाय. जास्त बोलायचं न्हाय आणि त्याच्याकडं बघायचं न्हाय. रक्षितानं तीन वेळा म्हणून दाखवलं. तिसऱ्या वेळेला शिवाप्पा म्हणाला, "झकास."

कसबा बावड्याच्या कोर्टात सगळं दहा मिनिटांत आटपलं. रक्षितानं पढवलेलं बोलून दाखवलं. वीरेशनं "पटत न्हाय, साहेब" म्हटलं आणि खालच्या मानेनं सही केली. बाहेर आल्यावर तिघांच्याही छातीवरचा दगड उतरला. तिथंच एका हॉटेलात मिसळ खायला शिरले. रक्षिता आणि वीरेश सवयीनं एका बाकड्यावर टेकली, तसा शिवाप्पा खेकसला, "उठा, उठा. वीरेशराव, तुमी त्या टेबलावर बसा. आत्ताच कोर्टात पटत न्हाय म्हणालायसा, आन् हितं एका ताटात जेवायलाय व्हय? कोण बघंल, सांगता येत न्हाय."

वीरेश उठला आणि पलीकडं भिंतीकडंच्या टेबलावर जाऊन बसला. तिन्ही मिसळींचे पैसे शिवाप्पानं दिले. रक्षिताला आधी हसू आलं. तिनं नवऱ्याकडं बघून भुवया उडवल्या. तोही हसला आणि त्यानं आपल्या ताटलीतला लिंबू वर करून दाखवला. तिला लिंबू लागायचा, तो नेहमी आपला तिला द्यायचा. ती घ्यायला उठणार, तर बापानं डोळे वटारले. तिनं लिंबाशिवाय खाल्लं.

हे शिवाप्पाला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. कारण चौकशी होते, हे त्याला माहीत होतं. खातं माणूस पाठवतं, शेजारीपाजारी विचारतं, घटस्फोट खरा का दाखवायचा. म्हणून त्यानं वीरेशला सांगितलं, आता घरी यायचं नाही. आला तर शेजारच्यांना दिसतं. फोन करा, पण तोही बेतानं. रक्षिता शहरातल्याच एका खासगी शाळेत लहान पोरांना शिकवायची, आठ हजार मिळायचे. त्या जूनमध्ये शाळेनं तिला बालवाडीची प्रमुख करून पंधरा हजार द्यायचं ठरवलं. पेन्शनसाठी मुलीच्या कमाईला मर्यादा असते आणि पंधरा हजार त्या मर्यादेच्या थोडेसेच वर जात होते. शिवाप्पानं तिला नको म्हणायला लावलं. शाळेनं दुसरी बाई आणली, आणि त्या बाईच्या हाताखाली राहायचं रक्षिताच्या जिवावर आलं. तिनं तीही नोकरी सोडली. "बरं झालं," शिवाप्पा म्हणाला, "कमाई शून्य. आता कुणाला बोट ठेवायला जागा न्हाय."

मधल्या काळात त्याचं ऑपरेशन झालं. मोठ्या दवाखान्यात, स्वतंत्र खोलीत. साडेसहा लाखांचं बिल खात्याच्या योजनेतनं मंजूर झालं, पुढची औषधंही झाली. समोरच्या प्रभुलिंगला त्याच वर्षी तसलंच दुखणं निघालं होतं. त्यानं पोराच्या पगारात जमेल तेवढं केलं आणि दिवाळीच्या आत तो गेला. शिवाप्पा मात्र उठून बसला. आधी पेज प्यायला, मग भाकरी कुस्करून खायला लागला, मग काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला लागला.

आणि दुसऱ्या तारखेला पंधरा दिवस राहिले असताना रिपोर्ट आला. कुठंच काही नाही. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुम्ही ऐंशी बघणार."

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच होतं. अजून काहीच बिघडलं नव्हतं. दुसऱ्या तारखेला नवराबायको गेलीच नसती तर अर्ज आपोआप रद्द झाला असता.

रक्षितानं त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली. रात्री बापाच्या पायाला तेल लावताना ती म्हणाली, "अप्पा, आता कशाला ते? थांबूया की. तुमी बरं झालायसा. मी घरी जातो." कोल्हापूरच्या बायकांसारखी तीही जातो, येतो म्हणायची, आणि रत्नव्वाही तशीच म्हणायची. "सासूबाई फोनवर नीट बोलत न्हाईत. ह्यांचाबी फोन चार-चार दिवस येत न्हाय. मला भ्या वाटालंय, अप्पा."

इतकं स्वच्छ बोलली पोरगी. ह्यापेक्षा आणखी काय सांगायचं असतं? शिवाप्पा उशीला टेकून विचार करत बसला. त्याच्या डोळ्यांपुढं महिन्याचे तेवीस हजार होते. त्याच्यामागं रक्षिताची पुढची चाळीस वर्षं होती, वीरेशचं माशा मारणारं दुकान होतं. वकिलाची फी गेली होती, कागद तयार होते, एका सहीपुरतं काम राहिलं होतं. अर्धवट सोडलेली फाईल त्याला आयुष्यात कधी बघवली नव्हती.

"मरण आज न्हाय तर उद्या हाय की, पोरी," तो म्हणाला. "डॉक्टर काय ब्रह्मदेव न्हाय. निकाल माझ्या हयातीत पडलेला पायजे. एवढ्यावर आलंय, सोडतंय व्हय कोण? पंधरा दिवसांचा प्रश्न हाय. मग तू हितं ऱ्हा न्हाईतर चोरून हातकणंगल्याला जा, मी काय विचारणार न्हाय."

रक्षिताचे हात त्याच्या पायावर थांबले. मग ती पुन्हा तेल लावायला लागली. ती काही बोलली नाही, आणि शिवाप्पानं ते होकारात धरलं.

निकाल पडला. शिवाप्पानं त्याच्या चार प्रती काढल्या. घरी आल्यावर त्यानं पोरीच्या गळ्याकडं बोट केलं. "ते काढून ठेव. चौकशीला कोण आलं तर दिसाय नको." रक्षितानं मंगळसूत्र काढून बापाच्या हातात दिलं. त्यानं ते कापडात गुंडाळून कपाटात, पेन्शनच्या फायलीशेजारी ठेवलं.

पुढं तीन महिने गेले. रक्षितानं फोन केला की वीरेश "दुकानात गिऱ्हाईक हाय" म्हणायचा. ती एकदा स्वतः शाहूपुरीला गेली, तर दुकानाला कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, लग्नाच्या खरेदीला गेलेत. कुणाच्या, ते तिनं विचारलं नाही. घरी येऊन तिनं बापाला सांगितलं, तर तो म्हणाला, "असंल कुणाचंतरी. पावणंरावळं थोडी हायत व्हय?"

मग एका रविवारी दुपारी हंबीरराव आला. जोतिबाहून थेट आला होता, कपाळावर गुलाल, हातात प्रसादाची पुडी. नेहमी तो गल्लीच्या तोंडापासून ओरडत यायचा. त्या दिवशी गुमान येऊन खुर्चीत बसला. रक्षितानं पाणी दिलं. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि शिवाप्पाकडं न बघता म्हणाला, "वीरेश दिसला डोंगरावर. नवी नवरी हाय संगं. गाठ बांधून पायऱ्या चढत होती दोघं. त्याच्या आईनं मला वळखलं, आन् तोंड फिरवलं."

रक्षितानं खोबऱ्याचा तुकडा हंबीररावाच्या हातातनं घेतला, कपाळाला लावला आणि देवापुढं ठेवला. मग ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत टेकत तो शाहूपुरीला गेला. दुकानाला नवा रंग होता, नवी पाटी होती. वीरेश सासऱ्याला बघून उभा राहिला. माणूस निर्लज्ज नव्हता, त्याचं तोंड उतरलं. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

"हे काय केलासा, वीरेशराव?"

"मामा, मी काय केलो?" वीरेश म्हणाला. "कोर्टात नेलासा तुमी. सही कर म्हणालासा, केली. घरी येऊ नको म्हणालासा, आलो न्हाय. नऊ म्हैनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाईसा. हॉटेलात वेगळ्या टेबलावर बसवलासा. आईनं विचारलं, ती बरी झालेल्या बापाजवळ बसल्या, निकालबी घेतल्या, आता तुझी ती कोण लागती? मला सांगता येईना."

"कागदापुरतं होतं ते. तुमाला ठावं होतं."

"ठावं होतं की." वीरेशनं खाली बघितलं. "पर तिनंबी दुसऱ्या तारखेला सही केली, मामा. तुमी बरं झाल्यावर. मी तारखेला वाट बघत होतो, ती येणार न्हाय म्हणून. ती आली. मला वाटलं, तिलाबी आता पेन्शनच पायजे."

दोन्ही पोरं त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर दुसऱ्यानं नको म्हणावं म्हणून वाट बघत होती, आणि मध्ये शिवाप्पा फाईल घेऊन उभा होता.

"कोण हाय पोरगी?" त्यानं शेवटी विचारलं.

"सौंदर्या. जिल्हा परिषदेत नर्स हाय. कायम." वीरेशनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. "तुमीच म्हणत होतासा न्हवं, सरकारी नोकरीसारखं काय न्हाय. आईलाबी ते पटलं." हे तो टोचून बोलला नाही, आणि म्हणूनच ते शिवाप्पाला जास्त लागलं.

घरी आल्यावर त्यानं रक्षिताला सगळं सांगितलं. वीरेश वाट बघत होता, हेसुद्धा सांगितलं. न सांगून चाललं असतं, पण एवढं तरी खरं बोलावं असं त्याला वाटलं. रक्षिता गहू निवडत होती. तिनं मान वर केली, बापाकडं खूप वेळ पाहिलं आणि पुन्हा गहू निवडायला लागली. त्या रात्री तिच्या खोलीतनं रडणं ऐकू आलं. शिवाप्पा दाराशी जाऊन उभा राहिला, पण दार ठोठावायचा धीर त्याला झाला नाही.

मग तो पिसाटल्यासारखा स्थळं शोधायला लागला. गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, जिथं म्हणून पाव्हणे होते तिथं फोन केले. निपाणीचं एक चांगलं निघालं. बायको वारलेला, चाळिशीचा, शेती आणि तंबाखूची वखार, माणूस निर्व्यसनी. शिवाप्पानं फोटो पोरीपुढं ठेवला.

रक्षितानं तो बघितलाही नाही. "लग्न केलं तर पेन्शन मिळती काय, अप्पा?"

"न्हाय. पुन्हा लग्न झालं की बंद."

"मग कसं करणार?"

"जाऊ दे ती पेन्शन, पोरी. आग लागू दे तिला."

"न्हाय अप्पा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तिच्यासाठी मी नवरा दिलाय. नोकरी दिल्या. आता ती मी सोडणार न्हाय. एवढं देऊन घेतलेली वस्तू कुणी फेकत न्हाय."

त्यानंतर घर बिनबोभाट चालू लागलं. सकाळी सहाला कोमट पाणी, साताला गोळी, आठला नाचणीची आंबील. बापाच्या जेवणात तिखट नाही, तेल नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी, तीही रिक्षानं घेऊन जायची. शेजारणी म्हणायच्या, पोरगी असावी तर अशी. शिवाप्पाला खोकला आला तरी ती पाणी घेऊन हजर व्हायची. फक्त ती त्याच्याशी कामापलीकडं बोलायची नाही, आणि पूर्वीसारखी त्याच्या पायाशी येऊन बसायची नाही. जेवताना ती वेगळं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसायची. एकदा औषधाची बाटली उघडताना मध्येच तिनं विचारलं, "ऐंशी झाल्यावर पेन्शन वीस टक्क्यांनी वाढती न्हवं, अप्पा?" शिवाप्पानं व्हय म्हटलं. तो एकाहत्तरचा होता. ती मनाशी काहीतरी जुळवून आत गेली. पोरगी आपल्याला जगवती का आपण जायची वाट बघती, हे त्याला कळेना. दोन्ही खरं असावं असं त्याला कधीकधी वाटायचं, आणि मग झोप लागायची नाही.

कट्ट्यावर माणसांचं येणं त्यानं बंद केलं. एकजण विधवा बहिणीचा फॉर्म घेऊन आला होता, त्याला म्हणाला, "दुसऱ्या कुणालातरी दाखवा, पावणं. मला त्यातलं काय कळत न्हाय." माणूस चकित होऊन गेला.

नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यानं नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. पूर्वी शिवाप्पा त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जायचा, रांगेतल्यांना फॉर्म भरून द्यायचा, त्याचा तो सणच असायचा. आता फोनवरच होतं. फोनपुढं तोंड धरायचं, डोळ्यांची उघडझाप करायची, आणि फोन खात्री करून घेतो की माणूस जिता आहे.

रक्षितानं त्याला खिडकीशी उजेडात बसवलं. फोन त्याच्या तोंडापुढं धरला. "सरळ बघा, अप्पा. मिटा. उघडा." फोननं लाल अक्षरं दाखवली. जमलं नव्हतं. पुन्हा धरला, पुन्हा लाल.

फोनमागं पोरीचा रिकामा गळा होता. शिवाप्पाला तो दिसत होता आणि दुसरं काहीच दिसत नव्हतं. "रक्षू," तो म्हणाला, "चुकलं माझं. लई चुकलं गं." त्याच्या डोळ्यांतनं पाणी गालावरून खाली गळायला लागलं.

रक्षितानं फोन खाली ठेवला. ती जवळ आली, ओढणीचं टोक घेतलं आणि बापाचे डोळे पुसले. आधी डावा, मग उजवा, मग गाल. रत्नव्वा गेली तेव्हा पुसले होते तसेच, हलक्या हातानं. कितीतरी महिन्यांनी तिचा हात तोंडाला लागला होता. शिवाप्पाला वाटलं, सुटलो. पोरीनं पदरात घेतलं. तो तिचा हात धरायला गेला.

तिनं हात काढून घेतला आणि फोन पुन्हा वर धरला. "रडू नका, अप्पा," ती म्हणाली. "डोळं भिजलं की हे घेत न्हाय. तिसऱ्यांदा चुकलं तर बँकेत जावं लागतंय."

शिवाप्पानं नाक ओढलं आणि सरळ बसला. ती म्हणाली तसे त्यानं डोळे मिटले, ती म्हणाली तसे उघडले. फोनवर हिरवी खूण आली. तिनं ती नीट बघून घेतली, फोन चार्जिंगला लावला आणि त्याची आंबील आणायला आत गेली.